साडेचारचा निरोप, पाचची संचारबंदी: कफ्र कासिम, १९५६

इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात, एक जण ज्यूंनी काय काय सोसलं ते सांगायला लागतो, दुसरा अरबांचं काय म्हणून विचारतो, आणि दहा मिनिटांत गाडी १९४८ वरून २०२३ वर आणि तिथून आपल्या गल्लीतल्या भांडणावर येऊन थांबते. मला बरेच दिवस वाटत होतं की एकच गाव घ्यावं, एकच संध्याकाळ घ्यावी, आणि ती शेवटपर्यंत नीट बघावी, कोणी काय हुकूम दिला, कोणी तो कसा ऐकला, नंतर कोर्टात काय झालं, कोणाला किती शिक्षा झाली. म्हणून हे कफ्र कासिमचं प्रकरण, २९ ऑक्टोबर १९५६ च्या संध्याकाळी इस्रायलच्या सीमा पोलिसांनी या गावच्या ४८ माणसांना गोळ्या घातल्या ते. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नसतं, इस्रायलमधे मात्र सैन्यात भरती झालेल्या पोरांना ते शिकवलं जातं.

गाव आणि काळ

कफ्र कासिम हे तेल अवीवच्या पूर्वेला साधारण वीस किलोमीटरवरचं अरब मुस्लिम गाव. तेव्हा वस्ती दोनेक हजार. १९४८ च्या युद्धात लाखो पॅलेस्टिनी घरदार सोडून गेले किंवा हाकलले गेले, पण ही माणसं कुठे गेली नाहीत, आपल्या घरातच बसून होती, फक्त १९४९ मधे जॉर्डन आणि इस्रायलचा शस्त्रसंधी करार झाला आणि त्यात सीमेलगतच्या गावांची एक पट्टी जॉर्डनच्या ताब्यातून इस्रायलकडे आली. या पट्टीला छोटा त्रिकोण म्हणतात. म्हणजे माणसं जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्या डोक्यावरून पलीकडे सरकली. त्यांना नागरिकत्व मिळालं, ओळखपत्र मिळालं, मतदानाचा हक्क मिळाला. आणि त्याच बरोबर लष्करी अंमलही मिळाला.

हा लष्करी अंमल काय होता ते समजल्याशिवाय पुढचं कळत नाही. इस्रायलमधे उरलेल्या बहुतेक अरब नागरिकांवर १९६६ पर्यंत लष्करी गव्हर्नरची सत्ता होती, तीही ब्रिटिशांनी १९४५ मधे केलेल्या आणीबाणीच्या नियमांच्या आधारावर. गावाबाहेर जायचं तर परवाना, शेजारच्या शहरात कामाला जायचं तर परवाना, रात्री संचारबंदी. आता बघा, हाच माणूस निवडणुकीत मत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायला लष्कराच्या हापिसात रांगेत उभा राहतो. नागरिक आणि संशयित, दोन्ही एकाच वेळी. माझं मत असं की २९ ऑक्टोबरला जे झालं त्याची पायाभरणी इथेच झाली होती, कारण ज्याला रोज परवाना दाखवावा लागतो त्याच्याकडे बंदूकवाला आपला माणूस म्हणून बघायचंच विसरून जातो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती गाळून हे प्रकरण सांगणं मला जमणार नाही. सीमा धगधगत होती. १९५४ च्या मार्चमधे दक्षिणेत माले अक्रबिमच्या घाटात बसवर हल्ला होऊन ११ प्रवासी मारले गेले. १९५६ च्या एप्रिलमधे लोदजवळच्या शाफ्रिर गावात फिदायीन, म्हणजे सीमेपलीकडून आलेले हत्यारी पॅलेस्टिनी हल्लेखोर, शिरले आणि प्रार्थनेला बसलेल्या पोरांवर गोळ्या झाडल्या, मुलं मेली, त्यांच्या बरोबरचा शिक्षक मेला. आणि इस्रायलचे बदल्याचे हल्लेही तसेच, १९५३ च्या ऑक्टोबरमधे येहुदमधे एक आई आणि तिची दोन मुलं हातबॉम्बने मारली गेली म्हणून सैन्याने जॉर्डनच्या हद्दीतल्या किब्या गावावर धाड घातली आणि साठाहून जास्त गावकरी मारले, त्यात कितीतरी बायका-मुलं. १० ऑक्टोबर १९५६ ला जॉर्डनच्याच ताब्यातल्या कल्किल्यावर इस्रायलचा मोठा छापा झाला, त्यात इस्रायलचेच १८ सैनिक मेले. कल्किल्या कफ्र कासिमपासून फार लांब नाही. म्हणजे ऑक्टोबर संपत आला तेव्हा त्या भागातल्या प्रत्येक सैनिकाच्या डोक्यात जॉर्डनशी युद्ध आज होतंय की उद्या एवढंच होतं.

युद्ध खरं तर भलतीकडेच होणार होतं. २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळ सेव्र इथे इस्रायल, फ्रान्स आणि ब्रिटन यांचा गुप्त करार झाला, इस्रायलने इजिप्तच्या सिनाईत घुसायचं आणि मग बाकीच्या दोघांनी सुवेझ कालव्याचं निमित्त करून उतरायचं. २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी इस्रायलचे छत्रीधारी सैनिक सिनाईतल्या मितला खिंडीजवळ उतरले. पण जगाचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून जॉर्डनच्या सीमेवर तणाव दिसेल अशी व्यवस्था होती, आणि त्या सीमेवर उभ्या असलेल्या खालच्या माणसांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या दृष्टीने युद्ध त्यांच्यासमोरच पेटणार होतं.

हुकूम कसा खाली आला

त्या पट्ट्यातल्या ब्रिगेडचा प्रमुख होता कर्नल इस्साखार शदमी. त्याच्या हाताखाली सीमा पोलिसांची एक बटालियन दिली होती, तिचा प्रमुख मेजर श्मुएल मलिंकी. शदमीने ठरवलं की रोजची रात्रीची संचारबंदी त्या दिवशी संध्याकाळी पाचलाच सुरू करायची आणि सकाळी सहापर्यंत ठेवायची, आठ गावांत. वरून मंजुरी घेतली, दुपारी मलिंकीला बोलावून सांगितलं. मलिंकीने नंतर कोर्टात जी साक्ष दिली त्यानुसार शदमी म्हणाला की संचारबंदी कडक हवी, अटका-बिटकांच्या भानगडीत पडायचं नाही, जो बाहेर दिसेल त्याला गोळी. मलिंकीने विचारलं, जो कामावरून घरी परत येतोय आणि ज्याला संचारबंदीची खबरच नाही त्याचं काय? यावर शदमी म्हणाला, भावनाबिवना नकोत, आणि मग अरबीत दोन शब्द: "अल्ला यरहमो." हे शब्द मेलेल्या माणसाबद्दल म्हणतात, आपण "देव त्याच्या आत्म्याला शांती देवो" म्हणतो तसं. शदमीने आपण असं बोललोच नाही असं शेवटपर्यंत सांगितलं, पण मलिंकीच्या खटल्यातल्या न्यायाधीशांनी मलिंकीचं म्हणणं मानलं.

मलिंकीने मग आपल्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली आणि तोच हुकूम पुढे दिला. तिथे परत कोणीतरी तोच प्रश्न विचारला, बायका-मुलांचं काय, कामावरून येणाऱ्यांचं काय. उत्तरही तेच मिळालं.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती ही गोष्ट. अशा घटनांबद्दल नंतर नेहमी म्हणतात की गोंधळ झाला, कोणाच्या लक्षात आलं नाही, वेळ नव्हता. इथे लक्षात आलं होतं. दुपारीच आलं होतं, एकदा नाही तर दोनदा प्रश्न विचारला गेला. संध्याकाळी पाच वाजता शेकडो माणसं रस्त्यावर असणार हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि गावाला कधी कळवलं? साडेचारला. सीमा पोलिसांचा एक सार्जंट मुख्तारकडे गेला, मुख्तार म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखा गावचा मुख्य माणूस, आणि सांगितलं की पाचपासून संचारबंदी. मुख्तार हबकला. तो म्हणाला, अहो माझी चारशे माणसं बाहेर आहेत, कोणी जवळ शेतात आहे, कोणी पेताह तिक्वाला, कोणी लोदला, कोणी याफाला, अर्ध्या तासात मी त्यांना कुठून निरोप देऊ? थोडी वादावादी झाली आणि सार्जंटने शब्द दिला की कामावरून येणाऱ्यांना आत सोडू, माझ्या आणि सरकारच्या जबाबदारीवर. हे कोर्टाच्या निकालात नोंदलेलं आहे. मुख्तारने त्यावर विश्वास ठेवला, आणि ठेवणार नाही तर काय करणार, त्याच्या हातात दुसरं काय होतं.

१९५६ साल आहे, मोबाईल सोडा, साधा फोनही कामगाराच्या हाताशी नाही. खाणीत दगड फोडणाऱ्याला किंवा लिंबा-संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्याला आज आपल्या गावात वेगळं काही ठरलंय हे कळायला मार्गच नव्हता. त्याच्यासाठी तो रोजच्यासारखा सोमवार होता.

पाच ते साडेसहा

गावात लेफ्टनंट गाब्रिएल दहान याची पलटण होती. गावाच्या पश्चिमेच्या तोंडाशी, जिथून कामगार रोज परत येतात तिथे, काही पोलीस उभे होते.

पाच वाजून गेल्यावर पहिले आले ते चार खाणकामगार, सायकली घेऊन. वळणावरून पुढे आले. पोलिसांनी थांबवलं आणि अगदी जवळून गोळ्या घातल्या. दोघं जागीच मेले, दोघं जखमी होऊन मेल्यासारखे पडून राहिले म्हणून वाचले आणि पुढे कोर्टात साक्ष देऊ शकले.

त्यानंतर जे येत गेले ते असेच. खेचराच्या गाडीतून येणारे, सायकलवाले, मेंढरं घेऊन येणारे, ट्रकमधून येणारे. एका ट्रकमधल्या वाचलेल्या माणसाने पुढे सांगितलं की आम्ही त्यांना विचारलं, ओळखपत्रं दाखवू का, तर त्यांना ओळखपत्रं नकोच होती. मी हे वाचून बराच वेळ थांबलो. तो माणूस ओळखपत्र पुढे करतोय कारण सात वर्षं त्याला हेच शिकवलंय, कागद दाखव म्हणजे घरी जाशील.

सगळ्यात शेवटी शेवटी आला तो ऑलिव्ह तोडून परतणाऱ्या बायका-मुलींचा ट्रक. ऑक्टोबर म्हणजे ऑलिव्हचा हंगाम, घरातल्या पोरी, आया, म्हाताऱ्या सगळ्या तोडणीला जातात. रस्त्यात पडलेली प्रेतं त्यांना दिसली, त्यांनी विनवण्या केल्या. त्या ट्रकमधून एक मुलगी वाचली, प्रेतांखाली निपचित पडून.

दहान जीपमधून गावात फिरत होता आणि वायरलेसवरून वर कळवत होता. खटल्यात समोर आलं की तो मेलेला माणूस असा शब्दच वापरत नव्हता, "एक कमी", मग "पंधरा कमी", मग मोजणं अवघड आहे, असं सांगत होता.

दीड तासात एका मागोमाग नऊ वेळा गोळीबार झाला. १९ पुरुष, ६ बायका, आणि ८ ते १७ वर्षांची २३ मुलं-मुली. मिळून ४८. मेलेल्यांतली एक बाई गरोदर होती म्हणून गाव ४९ मोजतं.

रात्रभर संचारबंदी चालूच होती, त्यामुळे घरच्यांना बाहेर येता येईना, जखमी जागेवर कण्हत पडले होते. प्रेतं पुरायला शेजारच्या जलजुल्या गावातून माणसं धरून आणली. म्हणजे बायकोला नवरा आणि आईला पोर शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

शेजारच्या गावात काय झालं

आता या प्रकरणाचा जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा. हुकूम फक्त कफ्र कासिमसाठी नव्हता. जलजुल्या, कफ्र बरा, तिरा, तैयबे, कलनसुवे, सगळीकडे हीच संचारबंदी, हाच मलिंकी, हीच दुपारची बैठक. या गावांतली माणसंही कामावरून पाचनंतरच परतली. पण तिथल्या पलटणींच्या अधिकाऱ्यांनी आपल्या शिपायांना सांगितलं की गोळी झाडायची नाही, माझा हुकूम होईपर्यंत थांबा. माणसं आली, त्यांना दरडावलं असेल, पळत घरी जा म्हणून हाकललं असेल, पण ती घरी पोचली. कफ्र कासिमसारखी कत्तल त्या संध्याकाळी दुसऱ्या कुठल्याही गावात झाली नाही.

हे अधिकारी कोणी बंडखोर नव्हते. मलिंकीच्या तोंडावर कोणी हुकूम फाडला नाही, राजीनामा दिला नाही, भाषण केलं नाही. त्यांनी एवढंच केलं की त्या हुकमाचा शब्दशः अर्थ लावायला नकार दिला. आपल्याकडे १९३० मधे पेशावरला चंद्रसिंग गढवालीने नि:शस्त्र पठाणांवर गोळी चालवायला उघड नाही म्हटलं आणि त्याची मोठी किंमत मोजली, ते धैर्य वेगळं. या माणसांचं धैर्य त्यामानाने गुपचूप होतं, पण शेकडो माणसं जेवायला घरी गेली ती त्यांच्यामुळेच. म्हणून "हुकूम होता, बिचारे शिपाई काय करणार" असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. तोच हुकूम, तीच वेळ, तोच गणवेश, काही किलोमीटरचं अंतर, आणि एकीकडे ४८ प्रेतं तर दुसरीकडे माणसं घरी.

दाबलेली बातमी

सरकारने दोन-तीन दिवसांत चौकशी समिती नेमली पण बातमीवर सेन्सॉर बसवला. गावाभोवती वेढा. पंतप्रधान होते बेन गुरियन. सिनाईतल्या विजयाचा जल्लोष चालू होता आणि हे बाहेर पडलेलं कोणालाच नको होतं. हे फोडलं ते कम्युनिस्ट पक्षाचे दोन खासदार, तौफिक तुबी आणि मेयर विल्नर, एक अरब आणि एक ज्यू, आणि डाव्या मपाम पक्षाचा लतीफ दोरी, हा इराकमधून आलेला ज्यू तरुण, अरबी त्याची घरचीच भाषा. यांनी नोव्हेंबरमधे गावापर्यंत आणि हॉस्पिटलातल्या जखमींपर्यंत पोचून जबाब घेतले. वर्तमानपत्रात छापता येईना म्हणून तुबीने पत्रक काढून शेकडो लोकांना पोस्टाने पाठवलं. शेवटी १२ डिसेंबरला बेन गुरियनला क्नेसेटमधे, म्हणजे त्यांच्या संसदेत, यावर बोलावं लागलं.

अरब-ज्यू संबंधांवर बोलताना नेहमी दोन एकसंध गट समोर ठेवले जातात, त्यात ही माणसं कुठे बसवायची? हे सगळं बाहेर आलं तेच अरब आणि ज्यू माणसांनी मिळून आणलं. ते झालं नसतं तर खटला इतक्या दूर गेला असता असं मला वाटत नाही.

काळा झेंडा

सीमा पोलिसांच्या अकरा जणांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. अध्यक्ष न्यायाधीश बिन्यामिन हलेवी, हा जर्मनीत जन्मलेला ज्यू, पुढे १९६१ मधे जेरुसलेमला आइकमन या, ज्यूंच्या संहाराचं काम बघणाऱ्या नाझी अधिकाऱ्याचा खटला ज्या तीन न्यायाधीशांनी चालवला त्यातला एक. आरोपींचा बचाव एकच होता, हुकूम होता. आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला माणूस अशा देशातून आलेला जिथे हाच बचाव वापरून लाखो माणसं मारली गेली होती. आरोपींपैकी शालोम ओफर नंतर स्वतःच म्हणाला की आम्ही जर्मनांसारखं वागलो, यंत्रासारखं, विचार केला नाही.

ऑक्टोबर १९५८ मधे निकाल आला. आठ जण दोषी, तिघं सुटले. निकालात हलेवींनी जे लिहिलं ते जगभरच्या लष्करी कायद्यात पोचलं. त्याचा भावार्थ असा: सैनिकाने हुकूम पाळायचा असतो, आणि प्रत्येक हुकूम कायदेशीर आहे का हे तो वकिलासारखं तपासत बसू शकत नाही, हे मान्य. पण काही हुकूम असे असतात की त्यांच्यावर "मनाई" असं लिहिलेला काळा झेंडाच फडकत असतो. त्यांचं बेकायदेशीरपण शोधावं लागत नाही, डोळा आंधळा नसेल आणि काळीज दगड झालेलं नसेल तर ते डोळ्यांत खुपतं. असा हुकूम पाळायचा नसतो, आणि पाळला तर "वरून आला होता" हे सांगून सुटता येत नाही.

मी या निकालाला मनापासून मोठा मानतो. नवीन देश, दहा वर्षं झाली आहेत, चारी बाजूंनी शत्रू, आणि त्याचंच न्यायालय आपल्याच पोलिसांना सांगतं की हा खून आहे. हे सोपं नव्हतं.

पण पुढचं वाचा. मलिंकीला १७ वर्षं, दहान आणि ओफरला १५-१५, बाकीच्यांना त्याहून कमी. अपिलात शिक्षा कमी झाल्या, मग सरसेनापतींनी आणखी कमी केल्या, मग राष्ट्रपतींनी, आणि १९६० उजाडता उजाडता सगळे घरी. दहानला रामला नगरपालिकेत नोकरी मिळाली आणि काम काय दिलं तर शहरातल्या अरबांचे विषय बघायचे. मलिंकीला दिमोनाच्या अणुकेंद्रात सुरक्षेची जबाबदारी.

आणि शदमी? त्याचा खटला वेगळा चालला. खुनाच्या आरोपातून सुटका, फक्त अधिकार नसताना संचारबंदीची वेळ बदलली एवढा दोष, कारण ते काम लष्करी गव्हर्नरचं होतं. शिक्षा म्हणून ताकीद आणि दहा प्रुता दंड. दहा प्रुता म्हणजे एक ग्रुश, म्हणजे त्यांच्या पाउंडाचा शंभरावा भाग, म्हणजे आपल्या भाषेत एक पैसा. इस्रायलमधल्या अरबांमधे "शदमीचा ग्रुश" हा वाक्प्रचार झाला, आपला जीव कितीला पडतो हे सांगायचं असलं की अजून तो निघतो.

माझी या निकालांबद्दल जी तक्रार आहे ती इथे आहे. काळ्या झेंड्याचा नियम जबाबदारी टाकतो ती रस्त्यावर उभ्या असलेल्या, बंदूक हातात असलेल्या पोरावर. टाकलीच पाहिजे, वर म्हणालो तसं शेजारच्या गावातल्या पोरांनी दाखवून दिलं की पेलता येते. पण तो झेंडा दुपारच्या बैठकीतही फडकत होता ना, आणि त्याच्याही आधी शदमीच्या तंबूत. तिथपर्यंत कायदा पोचला तेव्हा त्याची किंमत एक पैसा झाली. पुढच्या काळात हा झेंडा इस्रायलमधे उजव्यांनी आणि डाव्यांनी दोघांनीही उचलला, पॅलेस्टिनी प्रदेश ताब्यात ठेवायला नाही म्हणणाऱ्यांनी आणि २००५ मधे गाझातल्या ज्यू वसाहती उठवायला नाही म्हणणाऱ्यांनीही, आणि प्रत्येकाला तो आपल्याच बाजूचा वाटतो. हलेवींनी मात्र अगदी मोजून लिहिलं होतं, नावडता हुकूम आणि उघड खुनाचा हुकूम यातलं अंतर दाखवायला.

सुल्हा

२० नोव्हेंबर १९५७ ला, म्हणजे खटला चालू असतानाच, सरकारने गावात सुल्हा घडवून आणला. सुल्हा ही अरबांची जुनी रीत आहे, खून झाला की दोन्ही घरं मध्यस्थांमार्फत भेटतात, मारणाऱ्याकडचे चूक कबूल करतात, भरपाई ठरते, एकत्र जेवण होतं आणि वैर संपतं. इथे मोठा मांडव घातला, पाहुणे, नेते, मंत्री आले, जेवणं झाली. गावातल्या माणसांनी पुढे कित्येक वर्षं सांगितलं की आमच्यावर दबाव होता, लष्करी अंमल होता, नाही कोण म्हणणार. सुल्ह्याचा प्राणच असा की मारणारा स्वतःहून दारात येतो. इथे ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनाच समारंभाला बोलावलं गेलं. एखाद्या समाजाची समेटाची रीत उचलून त्यांच्याच तोंडावर कुलूप म्हणून लावणं, हे मला गोळ्यांच्या खालोखाल क्रूर वाटतं.

पुढे काय झालं

हुकमामागे आणखी काही होतं का, हा प्रश्न दशकानुदशकं लटकला. जॉर्डनशी युद्ध झालं तर त्रिकोणातल्या अरबांना हलवायचं अशी एक योजना होती, तिचं सांकेतिक नाव हफरपेरेत. इतिहासकार आदम राझ यांनी कागदपत्रं खुली व्हावीत म्हणून पाठपुरावा केला, म्हातारपणी शदमीनेही त्यांना सांगितलं की आपल्यावरचा खटला वरच्यांना वाचवण्यासाठी उभा केलेला होता. २०२२ च्या जुलैमधे खटल्याच्या कामकाजाची कागदपत्रं लोकांसमोर आली आणि साक्षींमधे या योजनेचे उल्लेख सापडले. म्हणून ४८ माणसं मारून गाव पळवायचं असंच ठरलं होतं असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्या वाचनात नाही. पण ज्या माणसांना उद्या हलवायचंच आहे असं बैठकीत बोललं जातं, त्यांच्या जिवाबद्दल आज किती काळजी वाटणार, एवढं तर कळतं.

गाव मात्र हललं नाही. याच गावात १९४८ मधे जन्मलेला अब्दुल्ला निम्र दरवेश पुढे इस्रायलमधल्या इस्लामिक चळवळीचा संस्थापक झाला. त्या संध्याकाळी तो आठेक वर्षांचा. मोठेपणी त्याच्या आसपासच्या तरुणांनी हत्यारी गट काढला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तुरुंगात गेला. बाहेर आला तो बदलून, इस्रायलच्या कायद्यात राहूनच लढायचं म्हणून सांगू लागला, मायकल मेल्खियोर या रब्बीबरोबर, म्हणजे ज्यू धर्मगुरूबरोबर, वर्षानुवर्षं संवादाचं काम केलं, २०१७ मधे वारला. दहशतवादाकडे माणूस का जातो यावर ढिगाने लिहिलं जातं, पण तिथून माणूस परत कसा येतो यावर फार कमी, म्हणून मला दरवेश महत्त्वाचा वाटतो, तोही या गावातला म्हणून जास्तच. त्याच्याच चळवळीतून निघालेला राआम हा अरब पक्ष मन्सूर अब्बास यांच्या नेतृत्वाखाली जून २०२१ मधे इस्रायलच्या सरकारात सामील झाला, असं करणारा पहिला स्वतंत्र अरब पक्ष.

माफीचं म्हणाल तर राष्ट्रपती शिमोन पेरेस २००७ मधे ईदच्या सुमारास गावात आले आणि त्यांनी क्षमा मागितली. २०१४ मधे रुवेन रिव्हलिन आले, वार्षिक स्मृतिकार्यक्रमाला हजर राहणारे ते पहिले राष्ट्रपती, आणि हा माणूस उजव्या लिकुद पक्षातला, त्याने तिथे उभं राहून हा भयंकर गुन्हा होता असं सांगितलं. पण राष्ट्रपती बोलतो ते एक आणि संसद कायदा करते ते दुसरं. ऑक्टोबर २०२१ मधे, त्या संध्याकाळला ६५ वर्षं होत असताना, सरकारने या कत्तलीची जबाबदारी अधिकृतपणे मान्य करावी असं विधेयक अरब खासदारांनी क्नेसेटमधे मांडलं. त्या वेळी सरकारात कफ्र कासिमचाच एक मंत्री होता, ईसावी फ्रेज, आणि अब्बासांचा पक्षही सरकारातच. सभागृहात आरडाओरडा झाला, विधेयक पडलं.

दोन दिवसांनी २९ तारीख होती. दरवर्षीप्रमाणे त्या दिवशी गाव मोर्चाने निघालं, पश्चिमेच्या त्याच तोंडाशी, जिथे आता स्मारक आहे, आणि तिथून कबरस्तानात.